सर्व्हरची डिस्क भरली की काय होतं? आणि पार्टिशनचे बांध आधीच का घालायचे?

२९ ऑगस्ट २०२३. जपानमधले टोयोटाचे सगळेच्या सगळे, म्हणजे १४ कारखाने बंद पडले. २८ असेंब्ली लाइन थांबल्या. बातमी आली तेव्हा अनेकांना पहिली शंका आली ती सायबर हल्ल्याची. कारणही तसंच होतं. आदल्याच वर्षी टोयोटाच्या एका पुरवठादारावर सायबर हल्ला झाला होता आणि तेव्हाही हेच कारखाने थांबले होते.

पण आठवडाभराने, ६ सप्टेंबरला, कंपनीने खरं कारण सांगितलं. हॅकर वगैरे कुणी नव्हतं. सुट्या भागांच्या ऑर्डर हाताळणाऱ्या सर्व्हरवर २७ ऑगस्टला नेहमीचं देखभालीचं काम सुरू होतं. त्यात डिस्कवरची जागा कमी पडली आणि सिस्टीम थांबली. मदतीला ठेवलेला पर्यायी सर्व्हरही त्याच सिस्टीमवर चालत होता, त्यामुळे तोही त्याच कारणाने आडवा झाला. शेवटी जास्त जागेच्या सर्व्हरवर डेटा हलवला, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी कारखाने सुरू झाले.

आता तुम्ही म्हणाल, जागा कमी पडली तर जुना डेटा पुसायचा ना! गंमत म्हणजे तिथे नेमकं तेच चाललं होतं. जुना डेटा पुसून नीट लावण्याचं कामच सुरू होतं. डेटाबेसमधून काही पुसायचं तरी आधी "हे पुसतोय" अशी नोंद डिस्कवर करावी लागते, म्हणजे काम अर्ध्यात तुटलं तर मागे फिरता येतं. थोडक्यात, पुसायलाही जागा लागते.

तर मंडळी, आजचा विषय हाच. सर्व्हरची डिस्क भरते म्हणजे काय, युनिक्स किंवा लिनक्स सर्व्हरवर तिची वाटणी कशी करतात आणि ती आधीच का ठरवावी लागते, हे सोप्या भाषेत बघू. फोल्डर आणि कमांडची नावं आपण उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

फोन भरणं आणि सर्व्हर भरणं, फरक काय?

फोनचं स्टोरेज फुल झालं की आपण गुड मॉर्निंगचे फोटो उडवतो आणि कामाला लागतो. कारण फोनसमोर आपण बसलेलो असतो. सर्व्हरसमोर कुणी बसलेलं नसतं आणि तो २४ तास काही ना काही लिहीत असतो. कोण वेबसाइटवर आलं, कुणी चुकीचा पासवर्ड टाकला, कोणता ईमेल गेला, अशा सगळ्याची नोंद तो एका फाईलमध्ये करतो. या नोंदवहीला लॉग म्हणतात.

समजा, एखादा प्रोग्राम बिघडला आणि दर सेकंदाला शेकडो वेळा तीच चूक लॉगमध्ये लिहायला लागला. रात्री ११ ला सुरू झालेला हा प्रकार पहाटेपर्यंत अख्खी डिस्क खाऊ शकतो. मग डेटाबेसला नवी नोंद करता येत नाही, वेबसाइटला तात्पुरती फाईल बनवता येत नाही, ईमेल अडकतात. पोस्टग्रेस या लोकप्रिय डेटाबेसचं तर असं आहे की, त्याचे बदल ज्या डिस्कवर नोंदले जातात ती भरली तर तो अख्खा बंद पडू शकतो.

म्हणजे चूक एका फालतू लॉगची आणि शिक्षा सगळ्या सर्व्हरला. पार्टिशनचा विचार इथून सुरू होतो.

पार्टिशन म्हणजे शेताचा बांध

गावाकडे शेताची वाटणी होते तेव्हा मध्ये बांध पडतो. जमीन वाढत नाही, पण एकाच्या वावरातलं पाणी दुसऱ्याच्या पिकात शिरत नाही. डिस्कचं पार्टिशन अगदी तसंच. एकाच डिस्कचे वेगवेगळे हिस्से करायचे आणि प्रत्येक हिस्सा स्वतंत्र समजायचा. लॉगचा हिस्सा भरला तर लॉग लिहिणं थांबेल, पण बाजूच्या हिश्श्यात डेटाबेस चालू राहील.

कोणता हिस्सा कुठून कुठपर्यंत, याची नोंद डिस्कच्या सुरुवातीलाच असते. तिला पार्टिशन टेबल म्हणतात, म्हणजे डिस्कचा सातबाराच म्हणा. जुन्या एमबीआर पद्धतीत फक्त ४ मुख्य हिस्से नोंदवता यायचे आणि नेहमीच्या डिस्कवर २ टेराबाइटच्या पुढची जागा मोजताच यायची नाही. आताच्या जीपीटी पद्धतीत साधारण १२८ हिस्से नोंदवता येतात आणि ती अडचणही राहिलेली नाही. नवा सर्व्हर लावताना जीपीटीच घ्या.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा. पार्टिशन केल्याने जागा वाढत नाही. जागा संपल्यावर कोण थांबेल आणि कोण चालू राहील, एवढंच त्याने ठरतं.

युनिक्समध्ये सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह का नसतात?

विंडोजमध्ये प्रत्येक हिस्सा वेगळा ड्राइव्ह म्हणून दिसतो. युनिक्समध्ये सगळ्या फाईल्सचं एकच झाड असतं. त्याचं मूळ म्हणजे रूट, जे नुसत्या तिरक्या रेषेने '/' असं लिहितात. वेगवेगळे हिस्से या झाडाच्या फांद्यांना जोडले जातात. या जोडण्याला माउंट करणं म्हणतात. वापरणाऱ्याला फक्त फोल्डर दिसतं, ते कोणत्या डिस्कवर आहे हे कळतही नाही.

याचा इतिहास भारी आहे. युनिक्सचा जन्म अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६९ मध्ये झाला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९७४ मध्ये युनिक्सवर गाजलेला शोधनिबंध लिहिला. त्यात त्यांच्या मशीनचं वर्णन आहे. काढता-घालता येणाऱ्या चार डिस्क आणि प्रत्येकीवर जागा २.५ मेगाबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही कधीकधी त्यात मावणार नाही!

एवढ्याशा जागेत युनिक्स वाढत गेलं. '/यूएसआर' हे फोल्डर सुरुवातीला युजर लोकांच्या फाईल्ससाठी होतं. पहिल्या डिस्कवर प्रोग्राम मावेनासे झाले, तेव्हा ते या दुसऱ्या डिस्कवर सांडले आणि तिथेच राहिले. ही जागेची अडचण पुढची कित्येक वर्षं रीत म्हणून पाळली गेली. २०१२ मध्ये फेडोरा १७ ने मूळ जागेतले प्रोग्राम '/यूएसआर' मध्ये एकत्र करून टाकले. म्हणजे डिस्कची वाटणी करताना घाईत घेतलेला निर्णय ४० वर्षं पुरला, असं म्हणायला हरकत नाही.

कोणत्या फोल्डरचा स्वभाव कसा?

वाटणी करण्याआधी घरातली माणसं ओळखावी लागतात. इथेही तसंच आहे. लिनक्समध्ये कोणती गोष्ट कुठे ठेवायची याचे संकेत १९९४ पासून लिहून ठेवलेले आहेत. त्यातले आपल्या कामाचे एवढे:

- '/' म्हणजे रूट: ऑपरेटिंग सिस्टीम इथे राहते. हळू वाढते, पण ही भरली तर सगळंच अडतं.
- '/बूट': सर्व्हर सुरू होताना लागणाऱ्या फाईल्स. १ जीबी पुरते. अपडेटनंतर जुने कर्नल साफ केले नाहीत, तर तीही भरते आणि पुढचं अपडेट अडकतं.
- '/होम': माणसांच्या फाईल्स. यांचा नेम नाही. कुणी कधी १० जीबीचा व्हिडिओ टाकेल, सांगता येत नाही.
- '/व्हार': सतत बदलणाऱ्या गोष्टी. लॉग, ईमेलची रांग, डेटाबेस सहसा इथेच असतात. सर्वात जास्त लक्ष हिच्याकडे हवं.
- '/टेम्प': तात्पुरत्या फाईल्स. इथे कुणालाही लिहिता येतं, म्हणून धोकाही जास्त.
- '/एसआरव्ही': सर्व्हर लोकांना जे पुरवतो ते. उदाहरणार्थ वेबसाइटचे फोटो.
- स्वॅप: हे फोल्डर नाही. रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा. रॅमच्या दुप्पट स्वॅप ठेवा, हा जुना नियम रॅम २ जीबीपेक्षा कमी असायची तेव्हाचा. आज १६ जीबी रॅमच्या साध्या सर्व्हरला ४ जीबी स्वॅप चालतं.

वेगळ्या हिश्श्याचा अजून एक फायदा आहे. प्रत्येक हिश्श्याला वेगळे नियम लावता येतात. '/टेम्प' वर "इथून कोणताही प्रोग्राम चालवायचा नाही" असा नियम लावला, तर तिथे कुणी घातक फाईल टाकली तरी ती थेट चालवता येत नाही. ओपनबीएसडी ही सुरक्षेसाठी नावाजलेली युनिक्सची भावकी तर मोठी डिस्क दिसली की स्वतःहूनच तिचे बरेच हिस्से पाडते.

प्रत्यक्ष आकडेमोड करून बघू

समजा, तालुक्याच्या गावातलं एक न्यूज पोर्टल आहे. ५०० जीबीची एसएसडी असलेला सर्व्हर घेतलाय. गावातल्या जत्रा, निवडणुका, पूर यांचे फोटो त्यावर राहणार. यातले बरेच फोटो जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

पहिला धक्का असा की, ५०० जीबीची डिस्क सर्व्हरवर साधारण ४६५ जीबी दिसते. फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि सिस्टीम १०२४ च्या पटीत. हिशेब ४६५ वर करायचा.

आता वाढ मोजू. रोज ६० फोटो, प्रत्येकी ४ एमबी, म्हणजे दिवसाला २४० एमबी. वर्षाला झाले साधारण ८८ जीबी. दोन वर्षांसाठी १८० जीबी धरू. लॉग रोजचे ३०० एमबी आणि ठेवायचे ३० दिवस, म्हणजे ९ जीबी. निकालाच्या दिवशी वाचक कितीतरी पटीने वाढतात, म्हणून दुप्पट धरून २० जीबी. मग वाटणी अशी होऊ शकते:

- सुरुवातीचा ईएफआय हिस्सा आणि '/बूट': २ जीबी
- '/' रूट: ४० जीबी
- स्वॅप: ४ जीबी
- '/व्हार': २० जीबी
- '/व्हार' मधला लॉगचा वेगळा हिस्सा: २० जीबी
- डेटाबेसचा वेगळा हिस्सा: ६० जीबी
- '/एसआरव्ही', म्हणजे फोटो: १८० जीबी
- '/टेम्प': १० जीबी
- '/होम': १० जीबी

बेरीज ३४६ जीबी. उरले जवळपास १२० जीबी. ते कुणालाच द्यायचे नाहीत!

हे ऐकून विचित्र वाटेल. पैसे देऊन घेतलेली जागा रिकामी का ठेवायची? कारण आपला अंदाज चुकणार आहे, हे नक्की असतं. फक्त कुठे चुकणार, हे माहीत नसतं.

बांध सरकवायची सोय: एलव्हीएम

शेतातला बांध सरकवायचा म्हटलं की भांडण ठरलेलं. साध्या पार्टिशनचंही तसंच आहे. एका हिश्श्याला लागून दुसरा असतो. मधला वाढवायचा तर शेजारी हलवावा लागतो आणि त्यात डेटा जायची भीती असते.

यावर लिनक्समध्ये एलव्हीएम नावाची सोय आहे. यात आधी डिस्कची सगळी जागा सामायिक करायची आणि मग त्यातून हवे तेवढे हिस्से कागदोपत्री द्यायचे. एका हिश्श्याची जागा सलग असायची गरज नाही, ती दोन डिस्कवरही असू शकते. फोटोंचा हिस्सा भरत आला? उरलेल्या १२० मधून ४० जीबी दिले, सर्व्हर चालू असतानाच हिस्सा वाढला. नवी डिस्क आणली? तीही सामायिक जागेत टाकता येते.

एक पथ्य मात्र पाळायचं. वाढवणं सोपं असतं, कमी करणं अवघड. ईएक्सटी४ प्रकारची फाईल सिस्टीम कमी करायची तर तो हिस्सा आधी झाडापासून सोडवावा लागतो. एक्सएफएस तर ठरवूनही लहान करण्याची सोय नाही असंच धरून चाला. म्हणून सुरुवातीला हिस्से बेताचे ठेवायचे आणि गरजेप्रमाणे वाढवत जायचं.

जागा आहे, तरी "जागा नाही"?

कधीकधी सर्व्हर "जागा शिल्लक नाही" म्हणतो आणि तपासलं तर जागा दिसते. अशा वेळी तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, आयनोड. प्रत्येक फाईलसाठी सिस्टीम एक नोंद ठेवते, तिला आयनोड म्हणतात. ईएक्सटी४ मध्ये या नोंदी किती असतील ते हिस्सा तयार करतानाच ठरतं. साधारण दर १६ केबीमागे एक. कोट्यवधी चिमुकल्या फाईल्स साचल्या, तर जागा उरते पण नोंदवहीची पानं संपतात. 'डीएफ' कमांडला आय हा पर्याय जोडला की हे दिसतं.

दुसरी, पुसलेली पण उघडी फाईल. एखादा प्रोग्राम फाईल वापरत असताना ती पुसली, तर नाव जातं पण जागा सुटत नाही. प्रोग्राम ती बंद करेल तेव्हाच जागा मोकळी होते. 'डीएफ' डिस्क भरलेली दाखवतं आणि फोल्डर मोजणारं 'डीयू' कमी दाखवतं, तेव्हा बहुतेक हीच भानगड असते. तो प्रोग्राम रीस्टार्ट केला की जागा परत येते.

तिसरी, राखीव ५ टक्के. ईएक्सटी४ आपोआप ५ टक्के जागा रूट युजरसाठी, म्हणजे सर्व्हरच्या मालकासाठी, बाजूला ठेवते. डिस्क भरली तरी मालकाला आत येऊन आवराआवर करता यावी म्हणून. रूटच्या हिश्श्यावर ती हवीच. पण फोटोंच्या १८० जीबीवर ती ९ जीबी होते. तिथे १ टक्का केली तरी चालतं.

पार्टिशन म्हणजे बॅकअप नव्हे

इथे भले भले फसतात. एकाच डिस्कवर दोन हिस्से करून एकाची कॉपी दुसऱ्यात ठेवली, तर डिस्क गेल्यावर दोन्ही जातात. दोन डिस्कवर एकच डेटा लिहिणारी रेड १ पद्धत डिस्क बिघडण्यापासून वाचवते, पण तुम्ही चुकून फाईल पुसली तर ती दोन्हीकडून तितक्याच इमानदारीने पुसते.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत असंच झालं. डेटाबेसची अडचण सोडवताना एका इंजिनिअरने आपण दुय्यम सर्व्हरवर आहोत असं समजून डेटा पुसायची कमांड दिली. तो होता मुख्य सर्व्हर. चूक लक्षात येईपर्यंत ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला घेतले, तर रोजचा बॅकअप चालतच नव्हता. तो फेल झाल्याचे ईमेलही कुणापर्यंत पोचत नव्हते.

वाचवलं कुणी? एलव्हीएमने. साधारण सहा तास आधी चाचणीच्या कामासाठी घेतलेला एलव्हीएमचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, शिल्लक होती. तीवरून साइट उभी राहिली, पण मधल्या सुमारे सहा तासांचा डेटाबेसमधला डेटा गेला. त्यात जवळपास ५,००० प्रोजेक्ट, ५,००० कॉमेंट आणि ७०० नवी खाती होती. कंपनीने हा सगळा प्रकार स्वतःच जाहीरपणे लिहून ठेवला, म्हणून आज तो सगळ्यांना शिकता येतो.

बॅकअपसाठी फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ नियम लक्षात ठेवा. डेटाच्या ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि १ प्रत दुसऱ्या ठिकाणी. त्यात आपण एक भर घालू. महिन्यातून एकदा बॅकअपमधून खरोखर एखादी फाईल परत आणून बघा. परत न आणता येणारा बॅकअप काही कामाचा नाही.

मग सगळ्यांनीच इतके हिस्से करायचे का?

नाही. घरचा लॅपटॉप किंवा शिकायला घेतलेला छोटा सर्व्हर असेल, तर एकच हिस्सा बरा. डेबियन लिनक्सचा इन्स्टॉलरही नवख्यांना सगळं एकाच हिश्श्यात ठेवायला सुचवतो. फार बांध घातले की जमीन अडते, हेही खरंच. '/व्हार' छोटं ठेवलं आणि नंतर डॉकर वापरायला घेतलं, तर त्याच्या सगळ्या इमेज त्याच '/व्हार' मध्ये साचतात आणि बाकी डिस्क रिकामी असताना काम अडतं.

क्लाउडवर सर्व्हर असेल तर सोपा मार्ग म्हणजे सिस्टीम एका डिस्कवर आणि डेटा वेगळ्या जोडलेल्या डिस्कवर. सर्व्हर बिघडला तर डेटाची डिस्क काढून नव्या सर्व्हरला लावता येते. झेडएफएस वापरत असाल तर हिस्से पाडण्याऐवजी प्रत्येक फोल्डरगटाला कोटा ठरवून देता येतो. नावं वेगळी, विचार तोच.

तर नवा सर्व्हर लावण्याआधी संगणक सुरू करू नका, आधी वही उघडा. प्रत्येक गोष्टीपुढे चार प्रश्नांची उत्तरं लिहा. हे दिवसाला किती वाढतं? हे भरलं तर काय बंद पडेल? हे गेलं तर पुन्हा मिळेल का? आणि ८० टक्के भरल्यावर मला कोण कळवेल? चौथ्या प्रश्नाचं उत्तर "कुणी नाही" असेल, तर बांध कितीही चांगले घातलेले असोत, पाणी एक दिवस वरून जाणारच.

आणि सर्व्हर आधीच चालू असेल, तर आज एकदा 'डीएफ' चालवून बघा. पाच सेकंदांचं काम आहे.